'रादोवाती से' : आनंदाचं एक क्रियापद

बेलग्रेडहून किंवा सारायेव्होहून आलेल्या औपचारिक पत्राच्या शेवटी, सहीच्या जरा वर, बरेचदा एक ठरावीक वाक्य असतं : 'रादुयेम से वाशेम ओद्गोवोरु'. आपण मराठीत तिथे 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत' असं लिहून मोकळे होतो. शब्दाला शब्द लावला तर मात्र त्या ओळीचा अर्थ 'मी तुमच्या उत्तराला आनंदतो' असा काहीतरी होतो. उत्तराचा अजून पत्ता नाही, ते येईल की नाही हेही माहीत नाही, आणि पत्र लिहिणारा आधीच आनंदून बसलेला आहे. कोश उघडला तर 'रादोवाती से' या क्रियापदापुढे 'आनंद होणे, आनंदित होणे' असा अर्थ सापडतो. तो चुकीचा नाही, पण त्यात या क्रियापदाचं अर्धंच काम येतं. सर्बो-क्रोएशियन बोलणारा माणूस झालेल्या गोष्टीचा आनंद या क्रियापदाने सांगतो, तसाच होऊ घातलेल्या गोष्टीचाही सांगतो. उद्या येणारे पाहुणे, पुढच्या महिन्यातली सुट्टी, कडाक्याच्या हिवाळ्यानंतरचा वसंत, या सगळ्यांकडे तोंड करून ते उभं असतं.

भाषेच्या नावाबद्दल आधी दोन शब्द. युगोस्लाव्हिया होता तोवर जगभरच्या कोशांवर 'सर्बो-क्रोएशियन' असं छापलं जाई. १९९१ नंतर देश फुटला आणि भाषेचीही नावं चार झाली : सर्बियन, क्रोएशियन, बॉस्नियन आणि माँटेनिग्रिन. बोलणारे एकमेकांना विनासायास समजतात, आणि नावावरून भांडणंही विनासायास होतात. लिप्या दोन आहेत, लॅटिन आणि सिरिलिक, दोन्हींत अक्षरं तीस-तीसच. वूक काराजिच याने १८१८ मध्ये छापलेल्या कोशात सिरिलिकला जो नवा घाट दिला, त्याचं सूत्र 'बोलाल तसं लिहा' हे होतं. त्यामुळे देवनागरीत वाढलेल्या वाचकाला इथे स्पेलिंगचा जाच नाही. एकच सावधगिरी घ्यायची. या भाषेत चमच्यातला 'च' वेगळा आणि चहातला 'च' वेगळा आहे, आणि दोघांना वेगवेगळी अक्षरं आहेत. आपण एकाच अक्षरावर भागवतो. पुढे चमच्यातला 'च' जिथे येईल तिथे मी 'त्स' लिहिलं आहे.

आता रूपं. वर्तमानकाळात मी 'रादुयेम से', तू 'रादुयेश से', तो किंवा ती 'रादुये से'. आम्ही 'रादुयेमो से', तुम्ही 'रादुयेते से', ते 'रादुयु से'. परकी भाषा शिकणारा इथे पहिल्यांदा अडखळतो. मूळ धातुरूप 'रादोवाती', मग चालवताना त्यातला 'ओवा' गेला कुठे आणि 'उये' आला कुठून? व्याकरणाची पुस्तकं हा एक गट म्हणून पाठ करायला सांगतात आणि पुढे जातात. मराठी माणसाला पाठ करण्याची खरं तर गरज नाही, कारण हाच खेळ तो रोज खेळतो. 'श्रोता' आणि 'श्रवण' हे दोन शब्द एकाच 'श्रु' धातूचे. पुढे व्यंजन आलं की 'श्रो', स्वर आला की 'श्रव्'. होता आणि हवन, स्तोत्र आणि स्तवन, तीच गोष्ट. संस्कृतने जो मूळ जोडस्वर व्यंजनापुढे 'ओ' आणि स्वरापुढे 'अव' असा सांभाळला, तोच स्लाव भाषांनी व्यंजनापुढे 'उ' आणि स्वरापुढे 'ओव' असा सांभाळला. 'रादोव-आती'मध्ये पुढे स्वर आहे, 'रादु-येम'मध्ये पुढे 'य' आहे. नियम इतकाच. आणि तो एकदा कळला की 'पुतोवाती' (प्रवास करणे) याचं 'पुतुयेम', 'कुपोवाती' (खरेदी करणे) याचं 'कुपुयेम', अशी या साच्यातली ढीगभर क्रियापदं आपोआप चालू लागतात.

खरा पेच 'से' या एवढ्याशा शब्दात आहे. हे आत्मवाचक सर्वनाम, आपल्या 'स्व'च्या गोतातलं. ते काढून टाकलं की क्रियापद सकर्मक होतं आणि अर्थ उलटतो : 'त्वोये पिस्मो मे रादुये' म्हणजे तुझं पत्र मला आनंद देतं. 'से' लावलं की आनंद बाहेर कुणाला न देता स्वतःपाशीच राहतो. संस्कृत शिकलेल्यांना इथे आत्मनेपद आठवेल. क्रियेचं फळ कर्त्याकडे येतं तेव्हा आत्मनेपद, असा त्याचा मूळ हिशेब; आणि 'मोदते', 'रमते' ही आनंदाची दोन ठळक क्रियापदं आत्मनेपदीच आहेत. ('नन्दति' आणि 'हृष्यति' नाहीत, तेव्हा फार ताणू नये.)

या 'से'ची जागाही ठरलेली असते. ते वाक्याच्या तोंडाशी कधी येत नाही, नेहमी दुसऱ्या क्रमांकावर. नुसतं 'आनंदतो' म्हणायचं तर 'रादुयेम से'. आधी 'मी' घातला की लगेच 'या से रादुयेम'. आधी 'फार' घातला तर 'म्नोगो से रादुयेम'. क्रियापद मागे सरकत जातं, 'से' आपली दुसरी खुर्ची सोडत नाही. संस्कृतात 'च', 'वा', 'मे', 'ते' यांनाही वाक्याच्या आरंभी बसायला मनाई आहे, त्याच शिस्तीचा हा युरोपातला अवशेष. इथेही 'मी' आणि 'ती' ही 'मला' आणि 'तुला' या अर्थाची चिमुकली रूपं आहेत, ती 'से'च्या आधी रांगेत लागतात. म्हणून 'रादुयेम ती से' : तू येणार याचा मला आनंद आहे, तुझी वाट बघतोय. तीन शब्दांत एवढं सगळं.

याच 'ती'पाशी या क्रियापदाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, ती म्हणजे चतुर्थी. 'रादोवाती से'ला ज्याचा आनंद आहे त्याची चतुर्थी लागते. 'रादुयेम से प्रोलेचु', मी वसंताला आनंदतो. 'रादुये से झिवोतु', तो आयुष्याला आनंदतो. मराठी कानाला हे उलटं वाटतं आणि ते खरोखरच उलटं आहे. आपल्याकडे आनंद ज्याला होतो तो माणूस 'ला' घेऊन बसतो : 'मला वसंताचा आनंद झाला'. कर्ता आनंद, मी नुसता त्याचा धनी. त्यांच्याकडे कर्ता मी, आणि चतुर्थी वसंताला. हा एक बदल पचवला की क्रियापद हाताशी आलं. वर्तमानकाळाची सहा रूपं घोकून चतुर्थी विसरणारे विद्यार्थी पुढे वर्षानुवर्षं अडखळत बोलतात. शिकवण्याच्या पुस्तकांनी रूपांचा तक्ता पहिल्या पानावर आणि विभक्ती तळटीपेत टाकायची पद्धत का ठेवली आहे, हे मला कधी उमगलेलं नाही.

मात्र याच भाषेने मराठीचा रस्ताही बंद केलेला नाही. ओळख करून दिल्यावर हात पुढे करून लोक म्हणतात 'द्रागो मी ये'. 'द्रागो' म्हणजे प्रिय, बरं. 'मी' म्हणजे मला. 'ये' म्हणजे आहे. भेटून मला बरं वाटलं, अगदी आपल्याच वळणाचं. त्याहून गंमत 'से' आणि चतुर्थी एकत्र आल्यावर होते. 'येदे मी से' म्हणजे मला खावंसं वाटतंय. 'स्पावा मी से', मला झोप येतेय. 'ने रादी मी से', काम करावंसं वाटत नाही. इंग्रजीतून ही वाक्यं शिकणारा प्रत्येक वेळी डोकं खाजवतो. मराठीच्या 'करावंसं वाटणे'त तो साचा तयारच आहे, फक्त शब्द ओतायचे.

भूतकाळ आणखी घरचा. तिथे क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं आणि लिंगं तीन, पुन्हा मराठीसारखीच. स्त्री म्हणेल 'रादोवाला साम से', पुरुष म्हणेल 'रादोवाओ साम से'. 'साम' म्हणजे 'आहे', प्रथमपुरुषी. तृतीय पुरुषात तिथे 'ये' यायला हवा, पण 'से'च्या शेजारी तो सहसा गळतो आणि नुसतं 'रादोवाओ से' उरतं. पुरुषाच्या रूपातला 'ल' कुठे गेला? शब्दावयवाच्या शेवटी आलेल्या 'ल'चा मध्ययुगात 'ओ' झाला. याचा पुरावा आपल्या शालेय नकाशातच आहे. आपण 'बेलग्रेड' म्हणतो त्या शहराचं त्यांच्या तोंडी नाव 'बेओग्राद', म्हणजे पांढरं नगर. 'बेल'चा 'बेओ' झाला, आणि बाहेरच्या जगाने मात्र जुना 'ल' धरून ठेवला. 'रादोवाओ'मध्ये तोच 'ओ' आहे. स्त्रीलिंगात 'ल'नंतर 'आ' येतो, म्हणून तिथे 'ल' वाचला.

अनेकवचन जरा थांबून बघण्यासारखं आहे. पुरुष 'रादोवाली', स्त्रिया 'रादोवाले', नपुंसकलिंगी नामं 'रादोवाला'. शेजारी मराठी ठेवा : पुरुष आनंदले, बायका आनंदल्या, गावं आनंदली. अनेकवचनातही तिन्ही लिंगं वेगळी ठेवणाऱ्या भाषा आता थोड्याच, आणि या दोन त्यांत आहेत. पण त्याहीपुढे एक नवल आहे. मराठीत 'ती मुलगी आनंदली' आणि 'ती गावं आनंदली' यांत क्रियापद एकच, स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन सारखं. सर्बो-क्रोएशियनमध्येही नेमकं हेच. 'मारिया से रादोवाला', मारिया आनंदली. 'सेला सु से रादोवाला', गावं आनंदली. गावाला तिथे 'सेलो' म्हणतात आणि तेही नपुंसकलिंगीच. दोन्हीकडच्या रूपांतला 'ल'ही निव्वळ योगायोग आहे. आपला 'ल' प्राकृतातून आला, त्यांचा जुन्या स्लाव कृदंतांतून. मुलांना 'देत्सा' म्हणतात. तो शब्द चालतो स्त्रीलिंगी एकवचनासारखा, पण क्रियापद घेतो अनेकवचनी, आणि 'देत्सा सु से रादोवाला' असं वाक्य होतं. व्याकरणकारांना त्याने बराच त्रास दिला आहे. मराठी माणूस 'मुलं आनंदली' असं मनात म्हणून पुढे जाऊ शकतो.

एवढं झाल्यावर कुणी विचारेल, पण 'हरखून गेलो' कसं म्हणायचं? कारण 'रादोवाओ साम से' म्हणजे आनंदात होतो, आनंद करत होतो. त्यात क्षण नाही. स्लाव भाषांत जवळजवळ प्रत्येक क्रियेला अशी जोडी असते, एक चालू राहणारी आणि एक होऊन जाणारी. इथली दुसरी बाजू 'ओब्रादोवाती से'. दार उघडल्यावर समोर जुना मित्र दिसला तर 'ओब्रादोवाओ साम से'. मराठी हे काम संयुक्त क्रियापदांकडून करून घेते : हरखणे आणि हरखून जाणे, हसणे आणि हसून घेणे. त्यांच्याकडे एक उपसर्ग पुरतो. या होऊन जाणाऱ्या क्रियापदाचा वर्तमानकाळ 'आत्ता' या अर्थाने वापरता येत नाही, 'जेव्हा', 'जर' अशा पोटवाक्यांतच तो येतो. जुन्या साहित्यात 'ओब्रादोवाह से' असं एक आटोपशीर भूतकाळी रूपही भेटेल. सर्बिया, बॉस्निया आणि माँटेनिग्रोमध्ये ते अजून बोलण्यात ऐकू येतं. 'रादोवाशे से' हा अपूर्ण भूतकाळ मात्र आता पोथ्यांत आणि कादंबऱ्यांतच उरला आहे.

शब्दाचं कुटुंब मोठं आहे. 'रादोस्त' म्हणजे आनंद. बेलग्रेडमध्ये १९६९ पासून भरणाऱ्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचं नाव 'रादोस्त एव्रोपे' आहे, युरोपचा आनंद. 'रादो' म्हणजे खुशीने. 'झ्लो' म्हणजे वाईट; ते 'रादोस्त'ला जोडून 'झ्लुरादोस्त' झालं, दुसऱ्याचं वाईट झाल्यावर होणारा आनंद, आपला आसुरी आनंद. त्याच्या शेजारी 'लिकोवाती' हे क्रियापद ठेवता येईल. हे मुळात विजयोत्सवाचं, पण आता हरलेल्यासमोर मिरवण्याचा वास त्याला लागला आहे. हे 'लिकुयेम, लिकुयेश' असं त्याच चालीने चालतं, 'से' मात्र घेत नाही. 'वेसेलिती से' हे जास्त मोकळं : मौज करणे, खूश होणे. त्याचं नाम 'वेसेल्ये' हे लग्नासारख्या घरच्या मोठ्या जल्लोषालाही वापरतात.

आणि नावं! रादमिला, रादोस्लाव, रादोमिर, ओब्राद, रादोये. सगळ्यांत ठळक रादोवान, जे या क्रियापदाचं कर्मणी कृदंतच आहे. मराठीत 'आनंद' किंवा 'नंदन' ठेवावं तसं. क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या त्रोगिर या गावात सेंट लॉरेन्सचं कॅथेड्रल आहे. त्याच्या पश्चिम दारावर दोन्ही बाजूंना सिंह, सिंहांच्या पाठीवर उभे आदम आणि हव्वा, आणि कमानीत येशूच्या जन्माचा देखावा. कोरणाऱ्याने लॅटिन शिलालेखात आपलं नाव आणि १२४० हे साल खोदून ठेवलं, वर आपण या कलेत सगळ्यांत निष्णात असल्याचंही नोंदवलं. तो मास्टर रादोवान. म्हणजे हे कृदंत माणसाच्या नावाच्या रूपात पावणेआठशे वर्षं तरी दगडात आहे. नावाने स्वभाव ठरत नाही, हे तिथले नाटककार दुशान कोवाचेविच यांना पक्कं ठाऊक होतं. १९७३ मध्ये रंगमंचावर आलेल्या त्यांच्या 'रादोवान तिसरा' या विनोदी नाटकाचा नायक घरादारावर सतत डाफरणारा बाप आहे. आपल्या वाचकांनी हे नाव ऐकलं असेल ते बहुधा रादोवान काराजिचमुळे, बॉस्नियातल्या सर्बांचा तो नेता, ज्याला स्रेब्रेनित्साच्या वंशसंहारासाठी हेगच्या न्यायालयाने २०१६ मध्ये दोषी ठरवलं आणि २०१९ मध्ये अपिलात शिक्षा वाढवून जन्मठेप दिली गेली. कोशकार वूकचंही आडनाव काराजिचच. एकाच आडनावाखाली दोन फार वेगळ्या नोंदी.

आज्ञार्थ 'रादुय से' आणि अनेकवचनी 'रादुयते से'. क्रोएशियात नाताळच्या दिवसांत गायल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध गीताचं नावच 'रादुयते से, नारोदी' आहे, लोकहो आनंद करा. पण या आज्ञार्थाची जुनी कथा निराळी. बायबलात देवदूत मेरीला अभिवादन करतो तो ग्रीक शब्द 'खाइरे'. शब्दशः 'आनंदी राहा', व्यवहारात ग्रीकांचा रोजचा नमस्कार. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या धर्मप्रचारकांच्या परंपरेने ग्रीकमधून स्लाव भाषेत भाषांतर झालं तेव्हा त्यातला आनंद जसाच्या तसा ठेवला गेला. म्हणून ऑर्थोडॉक्स सर्ब आजही मेरीच्या प्रार्थनेत 'रादुय से' म्हणतात. क्रोएट कॅथलिक, त्यांच्यावर लॅटिनची छाया, तिथे 'झ्द्रावो' म्हणतात. 'झ्द्रावो' म्हणजे निरोगी, आणि रस्त्यात भेटल्यावर करायचा साधा रामरामही. गोव्यातली कोंकणी प्रार्थना त्याच जागी 'नमान' म्हणते. एकाच देवदूताचं एकच वाक्य, पण कुणी आनंद घेतला, कुणी आरोग्य, कुणी नमन.

नवशिक्याची हमखास होणारी गल्लत सांगायलाच हवी. 'रादिती' म्हणजे काम करणे, 'राद' म्हणजे काम. 'रादिम' मी काम करतो, 'रादुयेम से' मी आनंदतो. त्यात पुन्हा 'राद' हे विशेषणही आहे, 'खुशीने तयार' या अर्थाचं. हे दोन्ही 'राद' मुळात एक की दोन, यावर व्युत्पत्तिकारांचं एकमत नाही, आणि 'काम हाच आनंद' असली सुभाषितं त्यावरून रचू नयेत. कामाच्या बाजूच्या 'राद'चं नातं मात्र बऱ्यापैकी पक्कं आहे. त्याच्याच घरातला 'रादी' हा शब्द 'च्यासाठी' या अर्थाने येतो, जुन्या पर्शियन शिलालेखांतही तो त्याच अर्थाने आहे, आणि संस्कृतात त्याचा भाऊ आहे 'राध्', सिद्धीस नेणे. आपली 'आराधना' आणि त्यांची कामाची पाळी एका धातूची.

राहिला भविष्यकाळ. तिथे 'पाहिजे' या अर्थाच्या क्रियापदाचं 'चू' हे खुजं रूप जोडतात. सर्बियात ते एकत्र लिहितात, 'रादोवाचू से'. क्रोएशियात तोडून, 'रादोवात चू से'. उच्चार दोन्हीकडे सारखाच, पण शाळेच्या पेपरात गुण मात्र जातात. आणखी एक फरक वापराचा : झाग्रेबमध्ये येणाऱ्या पाहुण्याबद्दल बोलताना 'वेसेलीम से' जास्त कानावर पडतं, बेलग्रेडमध्ये 'रादुयेम से'. दोन्ही दोन्हीकडे समजतात. वर्तमानकाळाची सहाच्या सहा रूपं चारही देशांत एकसारखी आहेत. तेव्हा शिकायचं मनात असेल तर सर्बियन घ्यावी की क्रोएशियन, या वादात आठवडे घालवू नका. ज्या शहरात जायचंय तिथलं पुस्तक घ्या, आणि प्रत्येक क्रियापदापुढे वहीत त्याची विभक्ती पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.